गिरधरची जादा घागर

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की मंजुळाबाई तर गरीब गाय वाटली होती. मला नरडाण्याला दिलेली. तिथं एमआयडीसी आली, कारखान्याचा भोंगा वाजायला लागला, तेव्हा माझा धाकटा भाऊ गिरधर धरणगावाहून फोनवर म्हणाला, "अक्का, आते नरडाणाले दोन भोंगा व्हयनात." एक कारखान्याचा आणि दुसरा मी. मी त्याला असा झाडला, असा झाडला की शेजारची बेबाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन विचारायला आली, कोणाशी वाजलं म्हणून. म्हटलं, वाजलं कुठं, भावाची खुशाली विचारत होते.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. तुम्हाला सांगताना जरा नीट बोलते, पण भावाची वाक्यं मधूनमधून तशीच येतील. ती मला दुसऱ्या बोलीत ऐकूच येत नाहीत.

गिरधर अंगानं काडीसारखा, पण हट्टी. धरणगावच्या शिवारात कपाशी लावतो. काटकसरी तर असा की साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणार, चपलेचा अंगठा तुटला तर तारेनं बांधणार. त्याची बायको सुगंधा गरीब स्वभावाची म्हणून निभलं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी आले की स्टेशनवर घ्यायला मुराळी म्हणून तोच येतो. धरणगाव स्टेशन ते घर पायी जाता येतं, तरी मोटरसायकल घेऊन फलाटाबाहेर उभा. मी उतरले की पहिलं वाक्य, "जाड झाली." माझं पहिलं वाक्य, "मेल्या, डोळे तपास." मग घरापर्यंत आमचं सुरू. लोक म्हणतात, ही भावंडं भांडतात किती! अहो, आमच्याकडे माया दुसऱ्या कुठल्या भाषेत करतात ते आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

दोन वर्षांमागं कापूस वेचणी चालू असताना त्याचं डावं नाक बंद झालं. आवाज गेंगाणा झाला. मी फोनवर चिडवायचे, "नाकात बोंड अडकलं का रे?" मग एक दिवस शेतात त्याचा घोळणा फुटला. उन्हाची गरमी म्हणून कोणी कांदा फोडून हुंगवला, कोणी नाकात तूप सोडलं. रक्त थांबलं, पण पुढच्या आठवड्यात परत आलं. सर्दी म्हणत म्हणत त्यानं अख्खा हिवाळा काढला. डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं तेव्हा त्याची मुलगी भाविका, ती जळगावला नर्सिंगला आहे, तिनं बापाला हाताला धरून कानानाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही नरडाण्याहून गाडी पकडून थेट जळगावला पोचले.

मशीनमधून फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. डाव्या नाकपुडीच्या आत, वरच्या बाजूला, बोराएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं. नाकातून बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या वेळी गिरधरनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी एरवी म्हटलं असतं, "मेल्या, सोड, तुटेल." नाही म्हटलं. तो शब्दच तोंडात येईना. मेल्या म्हणायचं कसं हो, नाकातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलेला असताना?

त्या दिवसापासून मी गोड बोलायला लागले. सगळेच लागले. सुगंधानं मला बजावलं, "अक्का, त्यांना काही बोलू नका, जपा." मी रोज सकाळी फोन करायची, "जेवलास का रे भाऊ? झोप लागली का?" माझं मलाच कानाला गोड लागत नव्हतं. पाव्हणे-रावळे भेटायला येऊ लागले. जे कधी चहाला थांबत नव्हते ते जेवून जायला लागले. आणि आमचा चुलतभाऊ भिकन! त्याचं आणि गिरधरचं शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं भांडण. तलाठी झाला, मोजणी झाली, पंच झाले. तो भिकन एक दिवस रावेरकडची केळी घेऊन आला, गिरधरच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे गिरधर, बांध तुना." घ्या! त्याला वाटलं आपण पुण्य केलं.

मग तपासणीचं उत्तर आलं. डॉक्टरांनी आधी मला आणि भाविकाला आत बोलावलं, गिरधरला बाहेर बाकावर बसवलं. म्हणाले, "घाबरू नका. कॅन्सर नाही. नसेवर एक पातळ वेष्टण असतं, त्यातून वाढलेली ही साधी गाठ आहे. दुसरीकडे होते, पण नाकात फार क्वचित सापडते. नाकात मीही अजून पाहिली नव्हती." मी विचारलं, ठेवली तर? ते म्हणाले, "पसरणार नाही, पण जागा खात वाढत राहील. डोळ्याच्या बाजूचं हाड आताच पातळ झालंय. डोळा जाऊ शकतो. धुळ्याला दुर्बिणीनं करणारे डॉक्टर आहेत, नाकपुडीतूनच निघेल, चेहऱ्यावर चिराही नाही."

भाविकाला मी दाराआडच दोन्ही खांदे धरून विचारलं, "खरं सांग पोरी, तुला माझी शपथ." तिनं तो इंग्रजी कागद बोट ठेवून वाचून दाखवला. साधी म्हणजे साधी. मग गिरधरला आत बोलावलं, डॉक्टरांनी हसून सगळं परत सांगितलं, मीही म्हटलं, "भाऊ, साधी गाठ आहे."

तो आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मान हलवली. घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि सांगितलं, "माले ऑपरेशन नही करनं."

आता हे कळायला तुम्हाला आमच्या आबांचं सांगायला हवं.

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या गळ्याला गाठ झाली होती, आणि ती साधी नव्हती. आमच्याकडे रोग्याला असलं सांगत नाहीत. खचेल, जेवण सोडेल, असं मानतात. तेव्हा डॉक्टरांनीही आम्हाला आधी आत बोलावलं होतं आणि आबांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मग ते हसून बोलले. गिरधर रोज आबांच्या खाटेजवळ बसून, पाय चेपत म्हणायचा, "साधी गाठ शे आबा. बरी व्हई जाई." आम्ही सगळे तेच म्हणायचो. कापल्यावर ती पसरली, असंच तेव्हा गावानं म्हटलं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत आबा गेले. तोवर रोज तेच शब्द, त्याच आवाजात.

म्हणजे आता सांगा, ह्या माणसाला साधी गाठ आहे हे पटवायचं कसं? बाकही तसाच, हसणंही तसंच आणि शब्दही तेच. आम्ही शपथा घेतल्या तर त्याला वाटायचं, बघा, शपथा घ्यायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले क्वचित होते, तर त्यानं सुगंधाला विचारलं, "क्वचित म्हणजे किती वाईट?" भाविकानं कागद पुढे केला, तर म्हणाला, तुझ्या आबांचाही कागद इंग्रजीतच होता. आणि भिकननं बांध सोडला हे त्याच्या लेखी सगळ्यात पक्कं. मला फोनवर म्हणाला, "अक्का, जित्ता माणूसले कोनी बांध सोडस का?" "नाही रे भाऊ, तसं नाही," असं मऊमऊ काहीतरी बोलले. फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडले. साध्या गाठीनं माझा भाऊ डोळा घालवून बसणार होता, आणि आम्ही सगळे खरं बोलत होतो.

तशात आखाजी आली. आखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी होतात, सांजोऱ्या तळतात. आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. कुंभाराकडून मातीची कोरी घागर आणायची, पाणी भरून गव्हावर मांडायची, वर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. उन्हाळ्यात आपल्या माणसाला तहान लागू नये म्हणून. आमच्या घरी ती आबांच्या नावानं भरतात.

त्या वर्षी गिरधर स्टेशनवर आला, पण "जाड झाली" म्हणाला नाही. पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "दमली असशील." डावा डोळा लाल, पाणी गळतंय, उपरण्यानं टिपतोय. मीही गप्प. मोटरसायकलचा तेवढा आवाज.

सणाच्या सकाळी सुगंधा पुरण वाटत होती, भाविका आंबे धूत होती. मी घागर मांडायला गहू आणायला म्हणून मागच्या खोलीत गेले. एक घागर पुढं ओट्यावर होती, आबांची. आणि मागच्या खोलीत, कोठीच्या मागं, पोत्यानं झाकलेली अजून एक. कोरी, लाल, वर लहान मडकंसुद्धा. मला वाटलं कोणा शेजाऱ्याची ठेवलेली असेल. गिरधर दारातून आत आला. मी विचारलं, "कोनी शे ही घागर?"

तो म्हणाला, "मनी."

मला कळलंच नाही. माझी म्हणजे? तेव्हा तो अगदी सहज, बाजारातून मीठ आणल्यासारखं सांगायला लागला, की कुंभार दोन एकदम घेतल्या तर कमी लावत होता. "पुढला सालले कामे ई. सुगंधाले मंग बजारमा धावानी गरज नही."

पुढच्या वर्षी. त्याच्या नावानं भरायला. स्वतःची घागर हा माणूस घासाघीस करून घेऊन आला होता!

मला पुढचं नीट आठवत नाही. सुगंधा म्हणते, आवाज चौकात गेला. एवढं आठवतं की मी ती घागर दोन्ही हातांनी उचलली, अंगणात आले आणि दगडी पायरीवर आपटली. खापऱ्या पार झोक्याखाली गेल्या. "मेल्या!" मी ओरडले. "तुले अक्कल शे का नही? स्वस्तात मिळाली म्हणून मरतोस होय? उद्या तिरडीचे बांबूही आणशील दोनावर एक म्हणून! साबणाची चिपटी लावता लावता आता जिवालाही चिपट्या लावायला निघालास! नाकात बोराएवढी गाठ आणि हा यमाच्या दारात नंबर लावून बसलाय! तुझ्या पोरीला नर्सिंगला कशाला घातलं, तिच्या कागदाची पुडी बांधायला? आणि तो भिकन, त्याचा बांध त्याच्या तोंडावर फेक आधी! आबाची घागर मी भरीन, पण तुझी भरायला मी काय तुझ्या मागं राहणार आहे का रे, मेल्या, तुझ्यापेक्षा मोठी आहे मी!"

शेजारच्या बाया कुंपणापाशी आल्या. सणाच्या दिवशी, आणि तेही दारात, घागर फोडली! सुगंधा पुरणाच्या हातानं तोंड दाबून उभी. भाविका माझ्याकडे आणि बापाकडे बघतेय. आणि मला थांबताच येईना. महिनाभराचं सगळं गोड बोलणं असं उलटून बाहेर पडत होतं.

गिरधर पायरीवर बसला. माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ह्या वेळी दोन्हींतून.

"अक्का," तो म्हणाला, "तू भांडी ऱ्हायनी."

"भांडू नको तर काय आरती करू तुझी?"

"भांडी ऱ्हायनी," तो परत म्हणाला आणि हसायला लागला. गेंगाण्या आवाजात, खांदे हलवत, लहानपणी हसायचा तसा. मग त्यानं सांगितलं. आबांच्या शेवटच्या दिवसांतलं. हे त्यानं तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी तेव्हा माहेरीच राहिले होते. आबा बिडी मागायचे तर मी एरवी आकाशपाताळ एक करायची, पण त्या दिवसांत मी म्हणायची, "घ्या आबा, ओढा." एक दिवस मी बाहेर गेल्यावर आबांनी गिरधरला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मंजुळा इतलं गोड का बोलस रे? माले समजी गये." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. परत त्यांनी गाठीचं काही विचारलं नाही.

"तू माझ्याशी महिनाभर गोड बोलत होतीस अक्का," गिरधर म्हणाला. "मी डॉक्टरकडे काय बघू?"

मी खापऱ्यांमध्येच बसले. आबांना माहीत होतं तर. आम्ही सगळे त्यांना फसवत होतो आणि ते आम्हाला फसवू देत होते. माझ्या गोड बोलण्यानं माझ्या बापाला कळलं, आणि माझ्याच गोड बोलण्यानं भावाला चुकीचं कळलं. मला हसू यावं की रडू, ते समजेना. दोन्ही आलं.

"मंग साधीच शे?" त्यानं विचारलं.

"साधीच शे, गधड्या!"

त्यानं उपरण्यानं नाक पुसलं, आत सुगंधाकडे बघून म्हणाला, "जेवण वाढ. आणि धुळ्याची तारीख घे म्हणावं पोरीला." मग खापऱ्यांकडे बघून म्हणाला, "चांगली घागर होती." मी चप्पल उचलली, तेव्हा उठून पळाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे नरडाण्याला उतरला, तिथून धुळं जवळ. खरं सांगते, भीती मला वाटत होती, त्याला नाही. डोळ्याच्या इतकं जवळ, वर मेंदू, नाकातून कसलीशी नळी घालणार. सकाळी त्याला अंघोळीला पाणी दिलं तेव्हा तो पाठमोरा उभा होता, बरगड्या मोजता येतील असा. मला वाटलं, जाऊन पाठीवरून हात फिरवावा. नाही फिरवला. म्हटलं, "बादली रिकामी करू नको, अजून माणसं आहेत घरात."

धुळ्याच्या दवाखान्यात त्याला हिरवा अंगरखा घातला. ढकलगाडीवर निजवला. भाविका डॉक्टरांशी बोलत होती, सुगंधा खुर्चीत माळ ओढत होती. मी गाडीच्या बाजूनं चालत होते. तोंड उघडलं तर हुंदकाच बाहेर येईल म्हणून मी दात आवळून चालत होते. गिरधरनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दिसले त्याला तशी, भरलेल्या डोळ्यांची, गप्प. त्याचा चेहरा उतरला. आबांच्या खाटेजवळची मीच त्याला दिसली असणार.

"अक्का," तो हळू म्हणाला, "भोंगा बंद का शे?"

देवा रे. कुठून आणला मी तो आवाज, मला माहीत नाही. "बंद कुठला मेल्या! ह्या दवाखान्यात पाटी लावलीय शांतता राखा म्हणून, तुझ्यासारखी अडाणी आहे का मी? नखं बघ स्वतःची! शेताची माती घेऊन आलास ऑपरेशनला! डॉक्टर नाक कापायच्या आधी तुझी नखं कापत बसतील! आणि बाहेर येऊन नाटकं केलीस ना, हाय आई, हाय बाई, तर मी सरळ गाडीत बसून नरडाण्याला जाईन, सांगून ठेवते!" गाडी पुढं गेली, मी बोलत राहिले. दार बंद झालं, तरी मी दाराशी बोलत राहिले. मग वॉर्डातल्या मावशींनी मला धरून बाकावर बसवलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती, डोळा शाबूत होता. परत तपासायला पाठवू म्हणाले, आणि तेही उत्तर पुढं साधीच म्हणून आलं. त्या वेळी मी त्यांच्या पाया पडले का, हे भाविकाला विचारा, मला आठवत नाही.

संध्याकाळी त्याला खाटेवर आणलं. नाकात दोन्हीकडून कापडाच्या पट्ट्या ठासलेल्या, वर पांढरी पट्टी, तोंडानं श्वास घेत होता. तोंड उघडं, ओठ कोरडे. डोळे उघडून त्यानं आधी सुगंधाला बघितलं, मग भाविकाला, मग मला शोधलं. मी खाटेवर वाकले. माझ्या ओठांवर आलं होतं, कसं वाटतंय रे राजा, दुखतंय का. सगळी माया तोंडापर्यंत आली होती. मी ती गिळली.

"तोंड मिट मेल्या," मी म्हटलं, "माशी जाईल."

मिटता येत नव्हतंच त्याला, श्वास कुठून घेणार. तो तसाच उघड्या तोंडानं हसला, पट्टी हलली, नर्स ओरडली. बोलायची बंदी होती. त्यानं चादरीवरचा हात जरासा उचलला आणि बोटं आत-बाहेर केली, लहानपणी झोका थांबला की करायचा तशी. अजून, अजून.

मी स्टूल ओढून बसले आणि त्याच्या नखांपासून परत सुरू केलं.